दात खाणे, घोरणे आणि तोंडातला बुश

मागच्या दिवाळीत कडबोळे चावताना माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेचा तुकडा पडला. कडबोळी जरा कडक झाली होती हे बायकोनेही मान्य केले, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलून मी मोकळा झालो. दाताच्या डॉक्टरांनी मात्र तोंडात आरसा घालून सगळ्या दाढा पाहिल्या आणि विचारले, "रात्री दात खाता का?"

मी नाही म्हणालो. बायको बाजूला बसली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, लग्न झाल्यापासनं सांगतेय मी ह्यांना. रात्री जात्यावर दळण पडल्यासारखा आवाज येतोय. ह्यांना खरंच वाटत नाही."

डॉक्टरांनी आरशात माझेच दात मला दाखवले. सुळ्यांची टोके सपाट झाली होती. दाढांवरचे उंचवटे इतके झिजले होते, की मधे पिवळसर ठिपके दिसत होते. माझे आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेले. आयटीआय झाल्यावर आधी लेथवर, मग टूलरूममध्ये तीस वर्षे काढली. झीज कशी दिसते हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

आठवड्याने डॉक्टरांनी माझ्या वरच्या दातांवर बसणारा पारदर्शक, कडक प्लास्टिकचा साचा हातात ठेवला. याला 'नाइट गार्ड' म्हणतात. तो पाहताक्षणी मनात आले, हा तर बुश! यंत्रात पोलादी शाफ्ट ज्या ठिकाणी फिरतो तिथे आपण गनमेटलचा बुश घालतो. दोघे एकमेकांवर घासणार हे ठरलेलेच असते, म्हणून मुद्दाम एक मऊ ठेवायचा. बुश झिजतो, तो बदलायचा, शाफ्ट वाचतो. इथे शाफ्ट म्हणजे माझे दात आणि बुश म्हणजे हे प्लास्टिक. कल्पना मला फार आवडली.

पण उद्यमनगरातला साधा हेल्परही सांगेल, की बुश महिन्या-महिन्याला झिजत असेल तर नुसते नवे बुश घालत बसू नये. शाफ्ट कुठे वाकलाय ते बघावे. कारखान्यात मी शेकडो वेळा बोललेले हे वाक्य स्वतःच्या तोंडाला लावायला मला जवळजवळ वर्ष लागले. मी डॉक्टर नाही. पण वस्तू हातात आली की ती कोणी, कधी, कशासाठी बनवली याचा माग काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा लेख म्हणजे त्या वर्षभराच्या वाचनाचा आणि थोड्या स्वानुभवाचा धांडोळा आहे.

शब्दाचा माग

आधी शब्दापासून सुरुवात करू. मराठीत आपण दात 'खातो'. रागाने खातो तेव्हा ओठही सोबत घेतो आणि 'दातओठ खाणे' असे म्हणतो. झोपेतल्या दातांच्या करकरीलाही आपण तेच क्रियापद वापरतो, आणि हा प्रयोग फार जुना आहे. 'माधवनिदान' या संस्कृत वैद्यकग्रंथात बालग्रहाने पछाडलेल्या मुलाची लक्षणे दिली आहेत. मूल दचकते, रडते, वर टक लावून बघते आणि दात खाते. तिथेही 'खाणे' हेच क्रियापद आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात या सवयीला 'ब्रक्सिझम' म्हणतात. हा शब्द ग्रीक आहे. त्याच कुळातला 'ब्रुग्मोस' हा शब्द ख्रिस्ती नव्या करारात नरकयातनांच्या वर्णनात येतो, आणि मराठी बायबलने त्याचे भाषांतर 'दात खाणे' असेच केले आहे. १९०७ साली मारी आणि पिएत्कीविच या दोघांनी फ्रेंचमध्ये 'ब्रुक्सोमानी', म्हणजे दात खाण्याचे वेड, असा शब्द काढला. १९३१मध्ये फ्रोमन या लेखकाने त्यातले वेड काढून टाकून 'ब्रक्सिझम' हे सौम्य नाव रूढ केले.

आपल्या घरांतले निदान आणखी वेगळे. पोर रात्री दात खाऊ लागले की आजी सांगते, "पोटात जंत झालेत." मग वावडिंग किंवा दुकानातले जंताचे औषध दिले जाते.

राग, ग्रह, नरक, वेड, जंत अशी ही यादी एकत्र ठेवून पाहिली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक पिढीने या आवाजाचे कारण मनात, पोटात किंवा आकाशात शोधले. दातांपासून चार बोटांवर असलेल्या घशाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

रात्री जबड्यात काय चालते

दिवसभरात आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतात ते मुख्यतः जेवताना आणि आवंढा गिळताना. त्या सगळ्या क्षणांची बेरीज अर्ध्या तासाच्या आतच भरते. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. वाचकहो, हे वाक्य वाचताना तुमचे दात एकमेकांवर दाबलेले असतील तर ते सोडा. दिवसा दात आवळून धरणे हा याच प्रकाराचा दुसरा भाऊ, आणि तो बऱ्याच जणांत असतो.

रात्रीचा प्रकार याहून जोरदार. दिवसा कितीही दात आवळले तरी दुखू लागले की आपण थांबतो. झोपेत हा लगाम सैल होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात दहा जणांच्या साच्यात दाब मोजणारे स्ट्रेन गेज बसवले होते. प्रत्येकाच्या रात्रीतल्या सर्वांत जोरदार चाव्याची सरासरी ४२ किलो भरली आणि एकाचा चावा ८१ किलोपर्यंत गेला. झोपेतला चावा माणसाच्या जागेपणीच्या सर्व शक्तीनिशी दिलेल्या चाव्यालाही मागे टाकू शकतो, हे तिथे दिसले. दाताचे बाहेरचे कवच, एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. दाढेच्या टोकावर त्याची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते आणि एकदा झिजले की ते पुन्हा येत नाही.

हे घडते का? झोप ही विहिरीत सोडलेल्या दगडासारखी तळाला जाऊन पडत नाही. ती हेलकावे खाते. एकेका तासात मेंदू कितीतरी वेळा काही सेकंदांपुरता अर्धवट जागा होतो आणि पुन्हा बुडतो. आपल्याला त्याची आठवण राहत नाही. माँट्रियलच्या जिल लाविन्य यांच्या गटाने झोपेच्या प्रयोगशाळेत या क्षणांचा क्रम लावला. आधी हृदयाचा ताबा घेणाऱ्या मज्जासंस्थेत हालचाल होते, मग मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाचे ठोके वाढतात, जबड्याचे स्नायू लयीत आवळू लागतात आणि सर्वांत शेवटी दात दातावर घासतात. म्हणजे बायकोच्या कानावर पडणारी करकर हा या साखळीचा शेवटचा दुवा. साखळी सुरू होते ती या अर्धवट जागे होण्यापासून.

प्रौढांपैकी साधारण आठ टक्के लोक झोपेत दात खातात. मुलांत हे प्रमाण बरेच जास्त असते, तर साठीनंतर ते कमी होत जाते. मानसिक ताण, दारू, तंबाखू, जास्त कॉफी आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनी ते वाढते. २०१८ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासकांनी एकमताने मांडले, की इतर बाबतींत निरोगी असलेल्या माणसाचे दात खाणे हा रोग मानू नये, ते स्नायूंचे वर्तन आहे. काहींच्या बाबतीत ते दातांना घातक, काहींच्या बाबतीत निरुपद्रवी. आणि काहींच्या बाबतीत ती दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. मी या तिसऱ्या गटात होतो.

साच्याचा जन्म

आता हातातल्या वस्तूकडे येऊ. दातांवर बसणारा साचा दात खाणाऱ्यांसाठी जन्माला आला नाही. तो मोडलेल्या जबड्यांसाठी आला. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस ब्रायन गनिंग मोडलेला जबडा जागेवर धरून ठेवण्यासाठी व्हल्कनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचे, साचे बनवत. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध रोगी म्हणजे लिंकनचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड. एप्रिल १८६५मध्ये घोडागाडीच्या अपघातात सिवर्ड यांचा जबडा मोडला. ते अंथरुणाला खिळलेले असतानाच, ज्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली त्याच रात्री, कटातल्या दुसऱ्या माणसाने त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. सिवर्ड वाचले, आणि त्यांच्या जबड्यासाठी गनिंग यांनी बनवलेला साचा दंतवैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला.

दुसरी शाखा मुष्टियुद्धाच्या आखाड्यातली. १८९०च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वूल्फ क्राउज मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवू लागले. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक. तो गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की आकार धरतो. आज खेळाच्या दुकानात मिळणारा, गरम पाण्यात बुडवून चावायचा माउथगार्ड त्याच युक्तीवर चालतो. पदार्थ मात्र बदलून ईव्हीए नावाचे प्लास्टिक आले.

दात खाण्यापर्यंत हा साचा पोचला तो व्हिएन्नामध्ये. मोरित्स कारोली या दंतवैद्याने १९०१ साली रात्रीच्या दात खाण्याचा आणि हिरड्यांच्या रोगाचा संबंध मांडला. त्यासाठी दातांवर कडक रबराचा साचा बसवण्याचे श्रेयही त्यालाच दिले जाते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस दंतवैद्यकात ॲक्रिलिक आले आणि काळे-तपकिरी रबर जाऊन पारदर्शक साचे बनू लागले. माझ्या तोंडातला बुश हा त्याच घराण्यातला.

आता खरा प्रश्न. याने दात खाणे थांबते का? २००७ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे प्रयोग एकत्र तपासले आणि झोपेतले दात खाणे या साच्याने बरे होते असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. दातांची झीज वाचत असावी, एवढेच मान्य केले. स्नायूंची नोंद घेणाऱ्या अभ्यासांत दिसते, की पहिल्या काही आठवड्यांत जबडा जरा शांत होतो आणि मग मूळ पदावर येतो. मऊ साच्याची आणखी गंमत आहे. जेफ्री ओकेसन यांनी १९८७मध्ये दहा जणांना आधी एक आणि मग दुसरा असे कडक व मऊ साचे लावून पाहिले. कडक साच्याने आठ जणांची रात्रीची हालचाल कमी झाली, तर मऊ साच्याने पाच जणांची उलट वाढली. तोंडात रबरी काही आले की जबडा ते चघळू लागतो, हे लहान मुले सांभाळणाऱ्या कोणालाही पटेल.

थोडक्यात, नाइट गार्ड हा बुश आहे आणि प्रामाणिक बुश आहे. दात वाचवतो. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणे ही आपली चूक.

घोरण्याचा साचा वेगळा

मी साचा लावून झोपू लागलो. करकर थांबली, म्हणजे प्लास्टिकवर तिचा आवाज येईना. पण दोन महिन्यांनी बायको म्हणाली, "अहो, दात वाजायचे थांबले, पण घोरणं लई वाढलंय. मी आतल्या खोलीत झोपते." मी हसण्यावारी नेले. सकाळी डोके जड होई, ते वयावर घातले. एकदा सिग्नलला दुचाकीवर बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि मागच्याच्या हॉर्नने मी जागा झालो. तेव्हा मात्र मनात चर्र झाले.

घोरणे म्हणजे काय ते आधी पाहू. नाकापासून फुफ्फुसापर्यंतच्या वाटेत घशाचा एक भाग असा आहे, की त्याला हाडाचा किंवा कुर्चेचा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. उताणे झोपल्यावर जीभ मागे ओघळते, मऊ टाळू आणि पडजीभ लोंबतात. वाट अरुंद झाली की हवा वेगाने जाते, वेग वाढला की आतला दाब उतरतो, आणि सैल भिंती आत ओढल्या जाऊन फडफडतात. तो आवाज म्हणजे घोरणे. पंपाच्या सक्शनला पातळ नळी लावली तर ती चेपते आणि थरथरते, तसेच हे. शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको.

नळी पुरती चेपली तर श्वास थांबतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त काळ थांबला तर त्याला 'ॲप्निया' म्हणतात. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, स्नायू ताणले जातात, मोठा सुस्कारा येतो आणि पुन्हा झोप. झोपलेल्याला यातले काही आठवत नाही. श्वास थांबण्याचे आणि अर्धवट तुटण्याचे असे प्रसंग तासाला पाचच्या आत असतील तर ठीक, पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी प्रौढांसाठी प्रतवारी आहे.

हा आजार किती उशिरा दिसला ते पाहून आश्चर्य वाटते. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७च्या 'पिक्विक पेपर्स'मध्ये दारात उभ्या उभ्या झोपणारा आणि घोरणारा जो नावाचा जाडा पोरगा रंगवला आणि लोक हसले. १९५६ साली अमेरिकन डॉक्टर बर्वेल यांनी तशाच एका रोग्याचे वर्णन करताना आजाराला 'पिक्विकियन' असे नाव दिले. पण झोपेत श्वासाची नोंद घेऊन तो वारंवार बंद पडतो हे प्रत्यक्ष पाहिले गेले ते १९६५मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीत. त्यानंतरही कितीतरी वर्षे खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवणे. १९८१मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मुखवट्यातून सौम्य दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणारे यंत्र मांडले. तेच आजचे सीपॅप.

तोंडात बसवायच्या उपायाची मुळे त्याहून जुनी आहेत. पॅरिसचे प्येर रोबँ हे लहान खालचा जबडा घेऊन जन्मलेल्या बाळांवर उपचार करत. अशा बाळाची जीभ मागे पडून श्वास कोंडतो. रोबँ यांनी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे अखंड साधन १९०२मध्येच मांडले होते. त्यांचे नाव आज त्या बाळांच्या आजाराला आहे. घोरणाऱ्या प्रौढांपर्यंत कल्पना यायला ऐंशी वर्षे लागली. १९८२मध्ये शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट आणि चार्ल्स सॅमेलसन यांनी जीभ पुढे ओढून धरणाऱ्या साधनाचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्या दशकातच खालचा जबडा पुढे सरकवणारे साचे आले.

यामागचे गणित साधे आहे. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. हनुवटी पुढे ओढली की जीभ तिच्यामागे येते आणि घशाची वाट मोकळी होते. बेशुद्ध माणसाचा श्वास मोकळा करताना त्याची हनुवटी उचलून जबडा पुढे करतात, तेच काम हा साचा रात्रभर करतो. तो एक नसून जोडी असते. एक वरच्या दातांवर, एक खालच्या दातांवर, आणि मधे खालचा पुढे सरकवायला आटे पाडलेला स्क्रू. जबडा ताणून जास्तीत जास्त जितका पुढे येतो त्याच्या निम्म्या ते पाऊण अंतरावर तो थोडा थोडा करून नेतात. एकदम नेला तर सांधा दुखतो.

एकसारखे दिसणारे, उलट काम करणारे

आता दोन्ही शेजारी ठेवा. दुकानाच्या फळीवर दोन्ही प्लास्टिकचेच, दोन्ही दातांचेच. अनेकदा एकच तुकडा 'दात खाण्यावर आणि घोरण्यावर' म्हणून विकला जातो. पण एकाचे काम आहे दोन पृष्ठभागांच्या मधे झिजणे, आणि दुसऱ्याचे काम आहे जबड्याची जागा बदलणे. पहिला बुश, दुसरा टेका. बुश घालून छत उचलले जात नाही.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहायची गरज नव्हती. माँट्रियलच्या त्याच गटाने २००४ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲप्निया असलेल्या दहा जणांना वरच्या दातांवर साधा, सपाट नाइट गार्ड लावून झोपवले. त्यांपैकी पाच जणांच्या श्वास अडण्याच्या प्रसंगांत निम्म्याहून अधिक वाढ झाली. जबडा बिजागरीवर फिरतो. दातांमधे जाड तुकडा आला की तोंड थोडे उघडते, हनुवटी खाली आणि किंचित मागे जाते, आणि जिभेची जागा कमी होते. दहा माणसे म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, हे मला समजते. पण तो परिच्छेद वाचला तेव्हा मी बायकोला हाक मारली आणि तिने साच्याबद्दल काय सांगितले होते ते पुन्हा विचारले.

याच गटाच्या २००६च्या अभ्यासात उलट बाजू दिसली. जबडा पुढे धरणाऱ्या साच्याने थोड्या मुदतीत दात खाणेही कमी झाले. काही अभ्यासकांचे मत असे, की काही माणसांत दात खाणे हा कोंडलेली वाट उघडण्याचा शरीराचाच प्रयत्न असावा. हे सिद्ध झालेले नाही आणि दात खाणाऱ्या प्रत्येकाला लागूही नाही. ताणाने दात खाणारे पुष्कळ आहेत, त्यांचा श्वास स्वच्छ असतो. पण दोन्ही आवाज एकाच खोलीत येत असतील तर आधी श्वास तपासायला हवा, एवढे निश्चित.

मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच. टॉन्सिल आणि ॲडिनॉइड वाढल्यामुळे घोरणाऱ्या मुलांत दात खाणे बरेच दिसते, आणि त्या गाठी काढल्यावर पुष्कळ मुलांचे दात खाणे कमी झाल्याचे आढळले आहे. आजीच्या जंताच्या औषधाला माझा विरोध नाही. जंत असतील तर ते द्यावेच. पण मूल तोंड उघडे टाकून, मान मागे टाकून, घोरत झोपते का, हे एकदा रात्री उठून पाहावे.

शेजारच्या अंथरुणाची साक्ष

बायकोने एका रात्री साचा काढून ठेवायला लावला आणि आपल्या मोबाइलवर माझ्या झोपेचा आवाज मुद्रित केला. सकाळी चहाबरोबर मला ऐकवला. घोरणे, घोरणे, घोरणे. मग शांतता. ती बोटे मोडून मोजत होती. मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास, आणि लगेच दातांची करकर. "बघा," ती म्हणाली, "आधी श्वास अडतोय, मग दात वाजतायत. मी एवढी वर्षं फक्त दातांचंच सांगत राहिले."

प्रयोगशाळेने तारा जोडून जो क्रम लावला, तोच क्रम तिने अंधारात कानाने लावला होता. मी तीस वर्षे यंत्राचा आवाज ऐकून बेअरिंग गेलेय की बेल्ट सैल झालाय हे सांगत आलो. माझ्या स्वतःच्या आवाजाचे निदान मात्र तिने केले.

घरीच लावायच्या यंत्राने झोपेची तपासणी झाली. तासाला २७ प्रसंग, म्हणजे मध्यम. साचा देणाऱ्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांनी झीज पाहिली, बुश दिला. घोरता का, दिवसा झोप येते का, रक्तदाब आहे का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. टोरांटोच्या डॉक्टर फ्रान्सेस चुंग यांच्या गटाने २००८मध्ये असे आठच प्रश्न एकत्र केले. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का, रक्तदाब, वजन, वय पन्नाशीपुढे, मानेचा घेर आणि पुरुष असणे. मूळ यादीत मानेचा घेर चाळीस सेंटिमीटर धरला होता. माझ्या शर्टाची कॉलर साडेसोळा. आठांपैकी सहांची उत्तरे 'हो' आली.

पहिला उपाय म्हणून मला सीपॅप सुचवले गेले. श्वास अडण्याचे प्रसंग कमी करण्यात ते साच्यापेक्षा सरस आहे यात शंका नाही, आणि तीव्र ॲप्निया असलेल्याने त्याला पर्याय शोधू नये. मला मुखवटा महिनाभर सोसला नाही. अशा वेळी, किंवा नुसतेच घोरणे असेल तर, मापाने बनवलेला जबडा पुढे करणारा साचा वापरावा, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या आणि दंतनिद्रावैद्यकाच्या संघटनांनी २०१५च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. २०१३च्या एका ऑस्ट्रेलियन तुलनेत महिनाभराच्या वापरानंतर दोन्ही उपायांचे आरोग्यावरचे परिणाम जवळपास सारखे आढळले, कारण लोक साचा रात्रीतून जास्त तास वापरतात. यंत्र कितीही चांगले असले तरी बंद असेल तर काय उपयोगाचे, हे कारखानदाराला वेगळे सांगावे लागत नाही.

त्याची किंमतही सांगून ठेवतो. लाळ गळते. सकाळी अर्धा तास मागच्या दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत, भाकरी चावताना कळते. वर्षानुवर्षे वापरला तर दातांची ठेवण कायमची थोडी सरकते, म्हणून दंतवैद्याकडे ठरावीक काळाने जावे लागते. तोंडात पुरेसे आणि घट्ट दात नसतील तर तो धरणारच नाही. आणि साचा बसवल्यावर तपासणी पुन्हा केली पाहिजे. आवाज बंद झाला म्हणजे श्वास सुरळीत झाला असे नव्हे. माझ्या दुसऱ्या तपासणीत २७चे ९ झाले. पाचच्या आत नाही, पण डोके हलके झाले आहे आणि बायको बाहेरच्या खोलीत परत आली आहे.

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. त्यांचे घोरणे गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई. आम्ही भावंडे त्यांना कुंभकर्ण म्हणायचो आणि आई म्हणायची, "राबून आलेत, गाढ झोप लागलीय, उठवू नका." दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची मान पडायची. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. एकसष्टाव्या वर्षी एका पहाटे अंथरुणातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ते घोरण्यामुळे गेले असे मी म्हणणार नाही. तशी तपासणी कधी झालीच नव्हती. पण उपचार न झालेल्या ॲप्नियाचा उच्च रक्तदाबाशी आणि पक्षाघाताशी संबंध आहे, हे आता पक्के आहे. त्या घोरण्याला गाढ झोप समजण्यात आमची चूक झाली, एवढे मी खात्रीने म्हणतो. घोरणारा माणूस झोपेत आराम करत नसतो. तो रात्रभर श्वासासाठी मजुरी करत असतो.

आई आता नव्वदीकडे झुकली आहे. मोबाइलवरचा तो आवाज मी तिलाही ऐकवला. मधली शांतता आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "तुझ्या बापाचं बी असंच व्हायचं. मी उठून छातीवर हात ठेवायचे. मग परत चालू व्हायचं." तिने हे कधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.

फराळाच्या निमित्ताने घरे पाहुण्यांनी भरली की एका खोलीत चार-पाच जण आडवे होतात. सकाळी कोण किती घोरले यावर हसणे होते. या दिवाळीतही होईल. हसून झाल्यावर एकच प्रश्न विचारा, मधे श्वास थांबत होता का?